एक अक्षर मनचं नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतो आहे, मलाही नीट कळत नाही.

मंगरूळपीरच्या भाजीबाजारात मी अडत्या आहे. कधीकाळी याच बाजारात पोती उचलत होतो. आज बोली माझ्या आवाजावर चढते, उतरते. माझ्या जिभेवर कुणी भरवसा ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. शिळ्या पालकावर पाणी मारून मी तो ‘आत्ताच तोडलेला’ म्हणून विकला आहे. भांडलो आहे, शिव्या दिल्या आहेत, एकाची कॉलर धरली आहे. पण ते सगळं बाजारातलं.

मी कथा लिहितो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. लिलाव दहाला आटोपला की दुकानाच्या पावत्यांच्या मागे लिहायचो. पंधरा वर्षं कथा पाठवल्या, पंधरा वर्षं परत आल्या. एका संपादकानं लिहिलं – पात्रं खोटी वाटतात, काही खरं घडल्यासारखं वाटत नाही. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. ‘खोटी’ या शब्दाचा राग आजही आहे. भाजीवाल्याला खरं दिसत नाही का?

नलूवहिनी माझ्याकडे माल आणायची. शहराबाहेर तिच्या घरची भाजीपाल्याची वाडी. नवरा विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेला होता. वर्षभरानं, लिलावाचा नंबर लागेपर्यंत दुकानात बसली असताना, ती खाली बघतच बोलली –

“मले आवाज आला होता, भाऊजी. दोनदा. सकाळी आमचं भांडण झालं होतं. मले वाटलं, तंबाखूची डबी मांगून राह्यले असतीन. म्हटलं, हातातली जुडी होऊ दे.”

एक जुडी बांधून झाली, मग दुसरी. मेथीचा ढीग संपल्यावर ती विहिरीकडे गेली.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मान हलवली, तिला चहा पाजला. आणि त्याच दुपारी लिहायला बसलो.

नाव बदललं. गाव बदललं. पण मेथी, डबी, मोटार – तशीच ठेवली. ती काढली की कथा मरत होती. कथा दिवाळी अंकात छापून आली. पहिलीच. अंक मीच मागवले, मीच बाजारभर वाटले. काय अपेक्षा होती माझी? कुणी वाचणारच नाही?

तिच्या दिरानं वाचली. नामदेवनं. त्यानं घरी चार माणसं बसवली आणि मलाही बोलावणं पाठवलं. वहिनी दाराशी उभी होती, मागे तिची मुलगी. वाडीत आणि घरात तिला ठेवायचं की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं. आणि ते मी काय म्हणतो यावर होतं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

तिथं एक म्हातारे गुरुजी होते. ते हसत म्हणाले, “अरे नाम्या, गोष्ट हाय ते. हा मेथी विकणारा माणूस. बसल्या बसल्या सुचलं, खरडलं. याच्या लिहिण्यात खरं कायचं असते?”

माणसं हसली. गुरुजी तिला वाचवत होते. मलाही वाट करून देत होते – नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. रोज सकाळी शंभर वेळा खोटं बोलणाऱ्या माणसाला एक खोटं जड होतं का?

पण मला फक्त ते हसू ऐकू आलं.

नामदेवनं विचारलं, “सांगा सेठ. मनची हाय का खरी?”

“एक अक्षर मनचं नाही,” मी म्हणालो. “इनंच सांगितलं मले.”

हसू थांबलं. आणि मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, अगदी आतून बरं वाटलं.

वहिनीनं नाकारलं नाही. तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी आत निघून गेली.

वहिनी आता केनवडला, भावाकडे असते. दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाते. मुलगी काकाकडेच राहिली. तिच्या लग्नात आईला बोलावलं नाही. मला बोलावलं होतं. मी जेवून आलो.

यंदा माझं पुस्तक निघालं. त्यात अकरा कथा आहेत. वहिनीची कथा गाळता आली असती, प्रकाशकानं विचारलंही होतं, कुठली गाळायची आहे का म्हणून.

मी ती पहिली ठेवली.