खंडेनवमीची ओली रेघ

"मॅडम, सही तेवढी करून टाका. दसऱ्याला बायका कामावर येतायत," असं म्हणत देवरेंनी स्वतःचं पेन माझ्यापुढे धरलं.

ते मी घेतलं नाही, कारण मी पर्समध्ये माझंच पेन शोधत होते. म्हणजे इमारत वापरायला सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करायला मी जवळजवळ तयार झाले होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना. मालक देवरे मूळचे कळवणचे. फिटर म्हणून नोकरीला लागले आणि पुढे हिमतीवर स्वतःचं युनिट उभं केलं. तळमजल्यावर मशीन, एका कोपऱ्यात कॉम्प्रेसरची खोली आणि त्या खोलीच्या स्लॅबवर पॅकिंग सेक्शन. तिथे चौदा बायका बसून पार्ट पुसायच्या, कागदात गुंडाळायच्या, खोक्यांत भरायच्या. पंधरा दिवसांपूर्वी खालची कॉम्प्रेसरची हवेची टाकी फुटली. जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह गंजून बसला होता, तो उघडलाच नाही. नशीब एवढंच की जेवणाची सुट्टी होती आणि सगळे बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले होते. कुणाला खरचटलंही नाही.

इमारतींची तब्येत तपासणं हा माझा धंदा. गळती, गंज, आग हे नेहमीचे पेशंट. स्फोट मात्र पहिल्यांदाच आला होता. खरं सांगते, मला काळजी कमी आणि उत्सुकता जास्त होती.

बघण्यासारखं होतंही खूप. नऊ इंची विटांची अख्खी भिंत आवारात जाऊन पडली होती. दार कुलपासकट कंपाउंडपाशी सापडलं. आणि त्याच भिंतीला खेटून उभ्या असलेल्या आरसीसी कॉलमला साधा ओरखडा नव्हता. असं का, यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. स्फोटाचा धक्का डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो आणि जातो. भिंत कमकुवत, ती लगेच उडाली, तिथून दाब बाहेर निसटला आणि कॉलम वाचले. घरातल्या गरीब माणसाने मार खाल्ला आणि दांडगा सुटला, हा न्याय काँक्रीटलाही लागू आहे.

मग नेहमीची तपासणी केली. साध्या हातोडीने ठोकून आवाज ऐकला. ठणठणीत वाजलं तर काँक्रीट धड, बद्द वाजलं तर आतून सुटलेलं. नंतर रिबाउंड हॅमर लावला. हा स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवरून किती उसळतो, त्यावरून त्याच्या ताकदीचा अंदाज येतो. आकडे चांगले आले. छताकडे मान वर करून पाहिलं, तर ते पांढरंशुभ्र. जरा जास्तच पांढरं.

"तुम्ही येणार म्हणून पुट्टी भरून रंग मारून घेतला," देवरे कौतुकाने म्हणाले.

पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसं त्यांनी छत आवरलं होतं. मी त्यांना चार शब्द सुनावले आणि छताच्या मधोमध तीन-चार ठिकाणी रंग खरवडून पाहिला. तडा नव्हता. वर पॅकिंगमध्ये खांद्याएवढे खोक्यांचे ढीग होते. मी म्हटलं, हा माल हलवा, मला फरशी बघायची आहे. देवरे म्हणाले, "मॅडम, दोन दिवस जातील त्यात." मी मधल्या वाटेने एक चक्कर मारली आणि खाली आले. चूक झाली ती इथे.

सहीचा दिवस नेमका खंडेनवमीचा. आपल्याकडे त्या दिवशी कारखाना धुतात, मशीनला हार घालतात, पाना आणि हातोडीचीही पूजा करतात. बायका कामावर नव्हत्या, पण धुवायला सगळ्या आल्या होत्या. मी पेन शोधत असताना वरून बादल्यांचा आवाज आला. माल हलवल्याशिवाय फरशी कशी धुतली, हे बघायला मी जिना चढले.

"चपला काढा म्याडम, आत्ताच धुतलंय," यमुनाताई म्हणाल्या. त्या पेठकडच्या. बारा वर्षं या पॅकिंगमध्ये, बाकीच्या तेरा जणी त्यांचं ऐकायच्या. जे देवरेंना दोन दिवसांत जमणार नव्हतं, ते या बायकांनी सकाळच्या दोन तासांत केलं होतं. सगळी खोकी भिंतीकडे लागली होती.

"बघा ना हे. सगळं वाळलं, ही येवढी रेघ सुकत नाय. दोनदा पुसली. डाग हाय का काय?"

फरशी वाळून फिकी पडली होती. खोलीच्या बरोबर मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक केसाएवढी काळी ओली रेघ जात होती. मी तिथेच मांडी घालून बसले. तो डाग नव्हता. तडा होता, आणि तो पाणी प्यायला होता.

आता हे जरा समजून घ्या. स्लॅबवर वजन नेहमी वरून येतं. मध्यभागी तो खाली वाकू बघतो, खालची बाजू ताणली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून मध्यभागी सळया खालच्या बाजूला घालतात. टेकूपाशी, म्हणजे बीमजवळ, त्या वरच्या बाजूला असतात. स्फोटाने सगळं उलटं केलं. स्लॅब खालून वर उचलला गेला. वाळकी भाकरी खालून अंगठ्याने दाबली तर वरून तडकते, तसा तो मधोमध वरून तडकला. मग परत खाली बसला आणि तड्याचं तोंड मिटलं. हे पुस्तकात आहे. मी वाचलेलंही होतं. पण इतकी वर्षं खालूनच बघायची सवय, मान वरच राहिली.

आणि मध्यभाग जर वरून तडकला असेल, तर बीमजवळ तो खालून तडकलेला असणार. बायकांना खाली उतरायला सांगून मी खाली धावले. बीमच्या कडेची नवी पुट्टी छिन्नीने उडवली. तिच्यामागे तडा बीमच्या अख्ख्या लांबीला तिरका आत गेला होता. तड्याची रुंदी मोजायची माझी पातळ पट्टी त्यात सहज शिरली.

देवरे फिटर माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. "म्हणजे लोड उलटा आला," ते म्हणाले. आणि पुढे, "पण मॅडम, आठ दिवस तरी बसू द्या. डिस्पॅच अडकलाय. बायकांचं वजन ते किती?"

मला राग आला. "मग त्यांच्या जागी आठ दिवस तुम्ही टेबल टाकून बसा. मी तसं लिहून देते."

त्यांनी वर पाहिलं. मग पेन खिशाला लावलं आणि पॅकिंगच्या जिन्याला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं.

दसऱ्याला पॅकिंग सुरू झालं ते बाहेर, लिंबाखाली ताडपत्री बांधून. स्लॅबखाली जॅकचे टेकू लावले. दिवाळीनंतर तो तोडायला घेतला. कंत्राटदाराच्या माणसांनी एकच कड कापली होती, तेवढ्यात दुसऱ्या कडेचा, दाराएवढा तुकडा कुणी हात न लावता टेकूंवर आदळला. बाहेर यमुनाताई उभ्या होत्या.

"आमी इथंच बसणार होतो ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्या दिवशी बादल्यांचा आवाज यायच्या आधीच पर्समधलं पेन सापडलं असतं तर, हा विचार अजूनही मधूनच येतो.

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या फॉर्ममध्ये सहीच्या वर एक ओळ आहे: 'माल हलवून फरशी धुतली का?' क्लायंटना वाटतं मॅडम स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक आहेत. मी खुलासा करत बसत नाही, बादली मागवते.