चारशे तेरावा फोटो

साल कोणतं ते विचारू नका. मी सांगेन, पण ते बरोबर असेलच असं नाही. मला वाटतं, गेवराईतले एसटीडी बूथ एकेक करून बंद पडत होते तेव्हाची गोष्ट. आमची ही म्हणते, त्याच्याही नंतरची; कारण तेव्हा तिच्याकडे मोबाइल आला होता आणि माझ्याकडे नव्हता. असेल बुवा. साल चुकलं तरी मूर्खपणा मात्र मला बारीकसारीक तपशिलासकट आठवतो. फारसा कुणाला सांगितलेला नाही. चहा घ्या, आज सांगूनच टाकतो.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पीएच.डी. गवतावर. हो, गवतावरच! सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "जावई डॉक्टर हायेत, पण गवताचे."

गवत म्हटलं की फोटो आले. तीस वर्षं मी माळावर पालथा पडून कुसळांचे फोटो काढले. गुराखी लांबून ओरडायचे, "मास्तर, काय सांडलं का?" कॅमेरा रोलचा. छत्तीस फोटो की रोल संपला. म्हणून मी प्रत्येक फोटोची वहीत नोंद करायचो: नंबर, जागा, गवताचं नाव, उजेड कसा होता. एक फोटो वाया गेला तर दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

आणि दर सोमवारी रोल घेऊन रफिकभाईकडे.

रफिकभाईचा स्टुडिओ बसस्टँडच्या अलीकडे. आत एक अंधारी खोली, लाल दिवा, केमिकलचा तो आंबूस वास. ताटलीतल्या पाण्यात पांढरा कागद पडायचा, आम्ही दोघं त्याच्यावर वाकून उभे. हळूहळू काळी रेघ उमटायची आणि रफिकभाई पोरगा झाल्यासारखा ओरडायचा, "आलं, सर! कुसळ आलं!"

काय दिवस होते! पण ते राहू द्या.

तर एका सोमवारी रफिकभाई म्हणाला, "सर, एक बोलू का? राग न्हाई ना येणार?"

"बोला की."

"तुमच्या एकट्याच्या रोलसाठी मी केमिकल कालवायलोय. अख्ख्या गेवराईत रोल घालणारे तुमी एकलेच उरलात. माझा जुना डिजिटल घ्या. भिंग बदलता येतं त्याचं, तुमच्या गवताला लई भारी."

"जुना म्हणजे किती जुना?"

"लई चाललाय, सर. खोटं कशाला बोलू? चाळीस हजार फोटोच्या पुढं गेलाय. म्हणून तर निम्म्याहून कमी सांगायलोय. आठ दिवस घरी न्या. पटला तर ठेवा, न्हाई तर आणून द्या."

'खोटं कशाला बोलू?' हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. हॉटेलात चहा की कॉफी विचारलं तरी मला घाम फुटतो. मी घरी येऊन कागदावर दोन रकाने आखले. 'घ्यावा' आणि 'घेऊ नये'. दोन्हीकडे सतरा-सतरा मुद्दे झाले.

ही मेथी निवडत होती. कागदाकडे बघून म्हणाली, "अहो, लग्न ठरवताना माझा पण असाच तक्ता केला होता का?"

मी कागदाची घडी घातली. केला होता.

दुसऱ्या दिवशी बॅटरी काढायला गेलो, तर चुकीचं झाकण उघडलं. आत निळं कार्ड दिसलं. माझ्या छातीत धस्स झालं. यातच फोटो असतात ना? मग उजेड लागला की संपलं सगळं! रोलवाल्याची तीस वर्षांची सवय हो. मी झाकण दाबून धरलं आणि पळत कोठीच्या खोलीत गेलो. त्यानंतर ते झाकण उघडायचं तर दार लावून, वर गोधडी पांघरूनच. हिने बाहेरून विचारलं, "सर्दी झालीय का? वाफ घेताय?"

हसा. पण खरी फजिती अजून पुढेच आहे.

पहिला फोटो मी हिचाच काढला. तिने मेथीची जुडी तोंडापुढे धरली, तरी दाबलं बटण. मागच्या काचेवर लगेच फोटो आला: मेथी, हात, आणि जुडीमागून एक रागीट डोळा. खाली नंबर होता. ०४१३.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. चारशे तेरा.

म्हणजे या कॅमेऱ्याने आजवर चारशे बारा फोटो काढले होते? माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या डोक्यावरही आकडा असायचा आणि तो आकडा तीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता. तेरा म्हणजे तेरा. मग चाळीस हजार कुठले? हा तर जवळजवळ कोरा कॅमेरा! चारशे तेराच्या आधी एक शून्य उगाच का उभं आहे, हा प्रश्न मला पडला नाही. पीएच.डी. गवतावर होती ना.

मी विचार करायला लागलो. आणि मी विचार करायला लागलो की काय होतं, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

आपल्याकडे बैलबाजारात माणूस बैलाचं वय कमी करून सांगतो. दात लपवतो. स्वतःच्या बैलाला म्हातारा म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मग रफिकभाई आपल्या कोऱ्या कॅमेऱ्याला म्हातारा का म्हणतो? एकच कारण. त्याला पैशाची तातडीची गरज आहे, आणि ती दाखवायची नाही! खुद्दार माणूस. स्वस्तात विकायचं, पण 'अडलोय' म्हणायचं नाही.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. स्टुडिओतल्या भिंतीवरच्या फळ्या काढलेल्या. दारावरची पाटी गायब. रफिकभाई आजकाल कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलतो. आणि दाढी! दाढी किती वाढवली होती!

मला भाकरी गोड लागेना. माझ्या तीस वर्षांच्या सोबत्याच्या अडचणीचा फायदा घेऊन मी कोरा कॅमेरा निम्म्या किमतीत उचलायचा? 'घेऊ नये'च्या रकान्यात अठरावा मुद्दा लिहिला. पण न घ्यावा तर? त्याला पैसे कुठून मिळणार? 'घ्यावा'तही अठरावा लिहिला. पुन्हा बरोबरी!

शेवटी मी विश्वनाथअप्पाकडे गेलो. अप्पाचं किराणा-धान्याचं दुकान, माझा जुना दोस्त.

"अप्पा, हे कुणाला बोलायचं नाही."

"आवं सर, माझ्या पोटातून गोष्ट बाहेर येत नसती."

मी सांगितलं. अप्पाने कपाळावरच्या भस्मावर हात ठेवला. "आरारा! आन माझ्या लेकीच्या लग्नात त्यानं सोता जेवायच्या आधी समद्यांचे फोटो काढून दिलते. असा मानूस अडलाय आन आपुन गप बसायचं?"

"गप्पच बसायचं, अप्पा! त्याला कळलं तर वाईट वाटेल. असं काही करा, की त्याला कळणार नाही."

हे माझेच शब्द. मान्य करतो.

तिसऱ्या दिवशी रफिकभाई दारात हजर. घामाघूम.

"सर, चार्जर द्या जरा दोन घंटे. दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी बी याच्यावरच चालती."

चार्जरसुद्धा एकच राहिला बिचाऱ्याकडे!

"का हो, फार काम आहे का?"

"काम? गेवराईला काय झालंय ते मला कळंना! समदे पासपोर्ट फोटो काढायलेत. ज्याचं उमापूरच्या पुढं कधी जाणं न्हाई, त्यो बी! न्हावी आला. शिंपी आला. कडब्याचा व्यापारी तर दुसऱ्यांदा आला. म्हणलं, काल तर काढला की बे, आज कावून? तर म्हणतो, काल दाढी केली नव्हती!"

मी खाली मान घालून चार्जर दिला. मनात म्हटलं, शाबास अप्पा.

तो उंबऱ्यात थांबला. "आन सर, बायका आमच्या घरी येऊन हिच्या गळ्यात पडायल्यात. 'होईल समदं ठीक, भाभी,' म्हणत्यात. ही मला इचारती, तुमी काय करून बसलाव?"

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

बाजाराच्या दिवशी मी निर्णय घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तक्ता न बघता! पाकिटात ठरलेली किंमत घातली, वर स्वतःहून थोडे जास्त घातले आणि स्टुडिओ गाठला. बाहेर रांग. रांगेतले सगळे माझ्याकडे बघून, मर्तिकाला बघतात तशी मान हलवत होते.

मी रफिकभाईला दंडाला धरून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल दिवा काढून ठेवलेला. ताटल्या धुऊन एकात एक रचलेल्या. मी पाकीट त्याच्या हातात कोंबलं आणि रस्ताभर घोकलेलं भाषण सुरू केलं.

"रफिकभाई, वेळ सगळ्यांवर येते. आपण माणसं एकमेकांची आहोत. लाजायचं नाही. आज तुमची अडचण..."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी? कसली, सर?"

तेवढ्यात बाहेरून अप्पाचा दणदणीत आवाज आला, "रफिकभाई! पोतं कुठं उतरवू? शाळू हाय, घरच्या रानातला. पैशाचं नाव काढायचं न्हाई, सांगून ठेवतो!"

रफिकभाईने आधी पाकिटाकडे बघितलं, मग दारातल्या हातगाड्याकडे, मग माझ्याकडे.

"सर," तो सावकाश म्हणाला, "मी नवी लॅब टाकायलोय. औरंगाबादहून मशीन येतीय, भिंतीएवढी. तिला जागा पायजे म्हणून फळ्या काढल्या. पाटी रंगवायला दिलीय. दोन कॅमेरे नवे घेतलेत. जुना नुसता धूळ खात पडला असता, म्हणलं सरांच्या कामी येईल."

"आणि दाढी?"

"दाढी? मला चांगली दिसती म्हणत्यात."

आणि दारातून अप्पा, ज्याच्या पोटातून गोष्ट बाहेर येत नव्हती तो, म्हणाला, "आवं सर, तुमीच तर सांगितलंव, रफिकभाई बुडाला म्हणून!"

न्हावी, शिंपी, कडबावाला, सगळी रांग माझ्याकडे वळली. सांगा, कुठे तोंड लपवू? मेथीची जुडीसुद्धा नव्हती हाताशी!

मला वाटलं, संपली आता तीस वर्षांची दोस्ती. गावभर त्याचं दिवाळं काढणारा मी! कोण तोंड बघेल माझं? रफिकभाई त्या रचलेल्या ताटल्यांवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला,

"सर, एक सांगू? मशीनला हो म्हणलो तवापासून मला झोप न्हाई. घर गहाण ठेवलंय तिच्यासाठी. चालंल का न्हाई, कुणाला माहीत. कुणाला बोललो न्हाई, फोनवर बी कोपऱ्यात जाऊन बोलायचो." त्याने बाहेरच्या रांगेकडे बोट केलं. "आता कळलं. मी बुडालो तरी एवढी माणसं येतील. मग चाललो तर किती येतील?"

आणि तो हसला. मग अप्पा हसला. मग ती अख्खी रांग माझ्याकडे बघून जी हसली, ती आष्टीपर्यंत ऐकू गेली असेल.

पोतं परत गेलं नाही. लॅबच्या उद्घाटनाला त्याच शाळूच्या भाकरी झाल्या. पाकिटातले जास्तीचे पैसे मात्र रफिकभाई परत करायला लागला.

"हे कशाचे, सर?"

आता काय सांगणार? कारण तो चारशे तेराचा आकडा अजून माझ्या डोक्यात होताच! अडचण नसेना का, कॅमेरा तर कोराच होता. त्याला आपल्या यंत्राचं कळत नाही, म्हणून तो स्वस्तात देतोय आणि मी गप्प बसून घेतोय. ही वेगळीच चोरी. मी म्हटलं, "असू द्या. पेढे माझ्याकडून." त्याने मान डोलावली आणि ठेवले.

तो कॅमेरा मी सात-आठ वर्षं वापरला. गवत अन् गवत टिपलं त्याने. सवयीप्रमाणे प्रत्येक फोटो वहीत लिहिला. एकही पुसला नाही. रोलमधला फोटो कधी पुसता येतो का? आणि दर ईदला रफिकभाईकडे शीरखुर्मा खाताना मला आतून टोचायचं: या भल्या माणसाचा कोरा कॅमेरा आपण लाटला. दोनदा सांगायला तोंड उघडलं, दोनदा शीरखुर्मा घालून बंद केलं.

मग एक दिवस कॅमेऱ्याचं शटर बसलं. औरंगाबादला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने तो संगणकाला जोडला.

"काका, लई राबवलाय याला."

"मी कुठे? माझे साडेसात हजार. त्याआधी फक्त चारशे बारा."

"कुणी सांगितलं?"

"कॅमेऱ्यानेच. आकडा असतो की खाली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "काका, त्या आकड्याला चारच घरं असतात. नऊ हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुन्हा एकपासून. खरी बेरीज आतमध्ये असते. ही बघा, सत्तेचाळीस हजार नऊशे बारा."

परतीच्या एसटीत मी मांडीवर वही उघडली. माझे फोटो सात हजार पाचशे चार, हिने चुकून दाबलेले तीन धरून. ते वजा केले. मग उलटही करून बघितलं: नऊ हजार नऊशे नव्याण्णवच्या चार फेऱ्या, अधिक चारशे बारा. गाडी खड्ड्यातून चालली होती, आकडे हलत होते, म्हणून गेवराई येईपर्यंत तिसऱ्यांदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकच.

रफिकभाईने ज्या दिवशी मला सांगितलं, "चाळीस हजार फोटोच्या पुढं गेलाय, खोटं कशाला बोलू?", त्या दिवशी त्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो होते बरोबर चाळीस हजार चारशे आठ.