शेठजींच्या वाचनालयात

गिरणीच्या शेठजींनी आमच्या गावाला नळाचं पाणी दिलं, दवाखाना दिला आणि हे वाचनालयही बांधून दिलं. इथं त्यांच्या फोटोखाली दोन म्हातारे रोज गप्पा मारत बसतात, त्याही नुसते ओठ हलवून आणि बोटांच्या खुणांनी. दोघांचा जन्म गिरणीत मागावर गेला. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू यायचा नाही, म्हणून लागलेली ही सवय.

"यांच्याइतकं शांत इथं कुणी बसत नाही," ग्रंथपालबाई कौतुकानं म्हणाल्या.

मला ते कौतुक बोचलं. गिरणीनं घरोघरच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि त्याच गिरणीनं या दोघांचे कान नेले. शेठजी भला माणूस होता, यात शंका नाही. म्हणूनच राग नेमका कुणावर धरावा, ते मला कळत नाही.

एवढ्यात त्यातले एक आजोबा बाईंकडे वळून भलत्याच मोठ्यानं म्हणाले, "शेठजींचा हार सुकलाय. उद्या नवा आणू का?"

वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. आजोबा ओशाळले. आमच्यापैकी कुणाकडे न बघता त्यांनी फोटोकडे वळून हात जोडले.