कोरं बोट

आमच्या गल्लीत आरोग्याची माहिती सांगत फिरणारी आशाताई दारातून आत येते ती थेट खिडकीतल्या कूलरकडे. उन्हाळा संपला की आम्ही नागपूरकर कूलर बंद करतो, पण त्यातलं पाणी तसंच सोडतो. ती पेलाभर पाणी काढून उजेडात धरते. "पाहून घ्या काकू, डासाची पिल्लं पोसून राहिल्या तुमी!" मग स्वतःच टाकी रिकामी करते आणि दारावर खडूनं तारीख टाकते.

विधानसभेच्या निवडणुकीआधी तर तिनं सगळ्यांना भंडावून सोडलं. "दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून माह्यावर काहून चिडता? मत द्या, मंग जो निवडून येईन त्याले विचारा."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ती आली. कूलर तिरपा करताना तिचा डावा हात समोर आला आणि मी हबकलेच. बोटाला शाई नव्हती.

"अगं, तूच मत दिलं नाहीस?"

"ड्यूटी लागली होती जी, गांधीबागेतल्या बूथवर. औषधाची पेटी घेऊन दिवसभर बसली. माहं नाव इथं सक्करदऱ्यात. सुटली तवा इथलं बंद झालं होतं." तिनं हात पुसले. "तुमचं तर घरासमोरच होतं ना काकू. दाखवा बरं शाई."

रांग लांब दिसली म्हणून मी अर्ध्यातून परतले होते. हात मागे न्यायला उशीर झाला.

माझ्या बोटाकडे ती पाहतच राहिली. पिशवी उचलली आणि गेली. त्या दिवशी माझ्या दारावर तिनं तारीख टाकली नाही.