धावत येणारी बाई
उघड्या जनेलाच्या गजांतून पिकलेल्या काजूबोंडांचा वास आत आला की मला आमच्या पेडण्याच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. मोबाइलवरच्या खेळात कित्येक महिने खपून उभं केलेलं माझं गाव चुकून पुसलं गेलं होतं आणि मी हमसाहमशी रडत होते. बसच्या ड्रायव्हरकीतून नुकतेच निवृत्त झालेले बाबा हसले, "गो, खेळ तो! रडतंस कित्याक?" मला असा राग आला, की डोळेही न पुसता बस चालवायचा एक खेळ लावून मी मोबाइल त्यांच्या हातात कोंबला. पहिल्याच वळणावर त्यांनी तोंडाने हॉर्न वाजवला! थोड्याच वेळात आईसुद्धा पीठ मळायचं सोडून त्यांच्या खांद्यावरून ओरडायला लागली, "हळू! म्हैस! म्हैस!" शेवटच्या आधीच्या थांब्यावर माणसं चढली, वेळ संपत आली होती. मी किंचाळले, "बाबा, सोडा गाडी!" पण आरशात एक बाई धावत येताना दिसली आणि बाबांनी ब्रेकवरचं बोट काढलंच नाही. बाई चढली, तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, 'नापास'. बाबा ताडकन उठले. "नापास? धावत येता तिका टाकून गाडी पुढे व्हरू?" त्यांचा आवाज कापत होता, डोळे भरले होते. आई म्हणाली, "अहो, खेळ तो!" अजूनही मी खेळात हरून रडते. पण बाबा आता हसत नाहीत; शेजारी बसून हळूच विचारतात, "कोण रवलां गो मागे?"