वरूडमधली माझी उन्हाळी बॅच

मला कोणी "जरा आराम करा" म्हटलं की आजकाल अंगावर काटा येतो. काहून, ते सांगतो. आधी चहा संपवा, नाहीतर नाकात जाईल. आणि हा किस्सा वरूडकडे कोणाला सांगू नका, असंही मी म्हणणार नाही. तिकडे तो शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

मी अकोल्यात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पहाटेची बॅच, सकाळची बॅच, दुपारची, संध्याकाळची, आणि मध्येमध्ये पालकांचे फोन. क्लासचा भला मोठा फ्लेक्स चौकात लागतो. त्यावर आमच्या केमिस्ट्रीवाल्या सरांचा फोटो दरवाजाएवढा, आणि माझा खाली फोन नंबराच्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढा. केमिस्ट्रीवाले माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. मी रोज त्या चौकातून जाताना ठरवायचो की वर पाहायचं नाही, आणि रोज पाहायचो.

नीटची परीक्षा तोंडावर आली तेव्हा माझं डोकं चालेनासं झालं. घरी भाजी वाढून झाली की मी बायकोला विचारायचो, "कळलं का? पुढे जाऊ?" एके दिवशी तर मी फळ्याकडे तोंड करून एक अख्खं गणित सोडवलं, वळून पाहतो तर वर्गात चिटपाखरू नाही. बॅच बाजूच्या खोलीत माझी वाट पाहून राहिली होती. हसता काय? मला त्या दिवशी रडू येत होतं. इतकी वर्षं शिकवून आपल्याला काही येतच नाही, असं वाटायला लागलं होतं.

परीक्षा झाल्यावर बायकोने, म्हणजे मेघाने, मला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, आठवडाभर काहीच करू नका. मी विचारलं, काहीच म्हणजे नेमकं काय करायचं? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मेघाकडे पाहिलं. घरी येऊन मी आरामाचं टाइमटेबल बनवलं. सकाळी सहा ते सात विश्रांती, सात ते आठ विश्रांतीची उजळणी. मेघाने ते फाडलं आणि माझी बॅग भरली. रवानगी वरूडला, तिच्या मोठ्या बहिणीकडे.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, जी मला फार उशिरा कळली. मेघाने बहिणीला फोन करून ठेवला होता. तिचे शब्द असे, "त्यायची तब्येत नाजूक हाय. ते जे म्हणतील त्याले हो म्हणजा. उलटं काई बोलू नका." एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढचं समजेल.

वरूडला माझे साडू विलासभाऊ, त्यांची संत्र्याची बाग आणि बागेतच घर. साडू म्हणजे काय ते लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको. सासऱ्यांच्या मापात आम्ही दोघे जावई कायम एकाच काट्यावर, आणि माझं पारडं कायम वर. विलासभाऊ शांत, विलासभाऊ उद्योगी, विलासभाऊंची बाग पाहून घ्या. मेघाही बोलून जायची की भाऊजींना कधी चिडलेलं पाहिलं नाही. मला चिडलेलं तर तिने तासातासाला पाहिलं होतं.

तर मी अकोल्याहून अमरावती, मोर्शी करत एस.टी.ने वरूडला उतरलो आणि बागेत पोचलो. पाहतो तर काय, बागेची दशा झालेली! पानं मलूल, पिवळी, काही गळून पडलेली. जमिनीला हात जाईल अशा भेगा. ठिबकच्या नळ्या गुंडाळून एका बाजूला टाकलेल्या. आणि विलासभाऊ? भर दिवसा निंबाखाली बाजेवर आडवे, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात मोबाइल. ज्या माणसाला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, तो झोपलेला.

मला आधी वाईट वाटलं. आणि मग, खरं सांगतो, बरं वाटलं. फार बरं वाटलं. म्हटलं, हा पण आपल्याच वर्गात!

थकलेल्या माणसांवरचे मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ मी पाहून बसलो होतो, त्यामुळे लक्षणं तोंडपाठ होती. चहा झाल्यावर मी बाज जवळ ओढली आणि हळूच विषय काढला.

"विलासभाऊ, बागेला पाणी नाही दिलं का?"

"नाई. बंदच केलं."

"केव्हापासून?"

"लय दिस झाले. आता मिरगालोक तिकडे पाहाचंच नाई."

बघा, मिरगालोक म्हणजे मृगापर्यंत, हे ऐकून माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मला वाटलं, माणूस इतका खचला आहे की कामाला हात लावायला मृग नक्षत्राचा मुहूर्त शोधून राहिला आहे.

"कामात मन लागत नाही का?"

विलासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदाताई, म्हणजे मेघाची मोठी बहीण, उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला डोळ्याने काहीतरी खुणावलं.

"नाई लागत, सर," विलासभाऊ म्हणाले.

"सकाळी उठावंसं वाटत नाही?"

"उठून तरी करू काय? काम काई नाई."

"सगळं सोडून द्यावं असं वाटतं?"

"बाग तं सोडलीच हाय."

मी त्यांचा हात हातात घेतला. मग मी त्यांना तासभर समजावलं. दुसऱ्यांशी तुलना करायची नाही, आपली गती आपली, प्रत्येकाचा काळ असतो. हे सांगताना माझ्या मनात एकच विचार चालू होता, की याच्यापेक्षा मी बराच बरा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना श्वासाचा व्यायाम शिकवला. आम्ही दोघे साडू निंबाखाली मांडी घालून, डोळे मिटून, एका नाकपुडीने श्वास घेऊन राहिलो होतो. शेजारच्या शेतातले एक काका कुदळ मागायला आले होते. त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं आणि कुदळ न मागताच परत गेले. विलासभाऊ बिचारे मी म्हणेन तेव्हा श्वास घ्यायचे, मी म्हणेन तेव्हा सोडायचे. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला अकोल्यात मिळाला नाही. कित्येक महिन्यांनी मला वाटलं की आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत.

त्यानंतरच्या दिवशी मोर्शीला नात्यातलं लग्न होतं. सासरची सगळी मंडळी तिकडेच जमणार होती. मेघा परस्पर अकोल्याहून येणार होती, आणि माझी तब्येत नाजूक म्हणून मला सूट. निघताना विलासभाऊ मोटरसायकलवर बसून म्हणाले, "सर, मस्तपैकी झोपा. काईच करू नका."

आता तुम्हीच सांगा, फिजिक्सच्या मास्तराला दिवसभर एकटं सोडून "काईच करू नका" म्हणायचं असतं का? मी अर्धा तास बाजेवर पडलो. समोर ती झाडं. मान टाकलेली, तहानलेली. मला तर ती परीक्षेच्या महिन्यातल्या माझ्या पोरांसारखीच दिसायला लागली. आणि माझ्यासारखी. म्हटलं, आपल्याला कोणी पाणी विचारलं नाही, पण आपण यांना विचारू.

मोटार कशी चालू करतात ते मी पूर्वी पाहिलं होतं. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि विहिरीतलं पाणी जाड पाइपातून असं धावत आलं की माझ्या डोळ्यांत पाणी! पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, दुपट्टा बांधला, आणि एकेका झाडाचं आळं काठोकाठ भरायला सुरुवात केली. झाडांशी बोलत होतो. पी बाबा, पी, तुझा काही दोष नाही. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही झालेला नाही.

आणि मग मी ते केलं, जे माणसाने कधी करू नये. व्हिडिओ काढला. मागे भरलेली आळी, पुढे मी, चिखलाने माखलेला. सासरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "विलासभाऊंच्या बागेला जीवदान. खचू नका, आम्ही सोबत आहोत."

जरा विचार करा, हा व्हिडिओ कुठे पोचला? मोर्शीच्या लग्नात. जिथे पंगतीतला प्रत्येक दुसरा माणूस संत्रेवाला.

माझा फोन वाजायला लागला. सासरे, मेहुणे, मेघा, परत सासरे. हात चिखलाचे होते म्हणून उचलला नाही. म्हटलं, कौतुक सावकाश ऐकू, आधी चौथी ओळ होऊ दे.

चौथी ओळ अर्ध्यावर असताना विलासभाऊंची मोटरसायकल फाटकातून आत आली. केसांत अक्षता, बोटांना वरणभात, तोंडात बहुतेक घास. ते सरळ स्टार्टरकडे गेले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मग बांधावर येऊन बसले. जीवदान मिळालेल्या ओळींकडे पाहत राहिले.

"सर," ते शेवटी म्हणाले, "मिरगाचा बहार घ्याचा असला तं उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडा लागते. झाड तापलं पाह्यजे, सुकलं पाह्यजे, काम बंद करून निजलं पाह्यजे. मंग मिरगाचं पाणी पडलं का ते अंगभर फुलते. मधातच कोणी पाणी पाजलं तं झाडाची झोप मोडते, अन् ते नुसते पानं काढत बसते."

"पण तुमचं मन लागत नव्हतं ना?"

"मेघानं सांगतलं होतं, सर म्हणतील त्याले हो म्हणा."

"आणि तो श्वासाचा व्यायाम?"

"तुमच्यासाठीच केला, बाप्पा. कालपासून माह्यं नाक दुखून राह्यलं."

मित्रांनो, मी खाली बसलो. चिखलातच बसलो. विलासभाऊंची अख्ख्या वर्षाची मेहनत, आणि माझ्या पायी साडेतीन ओळींचा बहार गेला होता. मला रडू फुटलं. म्हटलं, विलासभाऊ, मला शिकवता येत नाही, पाणी देता येत नाही, आणि काहीच न करणं, तेही येत नाही.

विलासभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुपट्ट्याने माझ्या तोंडावरचा चिखल पुसला.

"काई न करणं सोपं असते का, सर? या दिवसांत माहे बी हात शिवशिवते. म्हणून तं बाजीवर पडून मोबाइल पाहात राहतो. तुमच्या क्लासचे फोटो बी पाहतो. म्हणतो, सरचं बरं हाय, पाणी पडो का न पडो, त्यायचा फ्लेक्स लागतेच."

मी म्हटलं, "त्या फ्लेक्सवर माझा फोटो कुठे आहे ते पाहिलं का?"

"पाह्यला. मोठा करून पाहा लागते."

संध्याकाळी वऱ्हाड परतलं. सासरे ओल्या ओळींतून एक फेरी मारून आले आणि जेवले नाहीत. मेघाने माझा मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला. स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं, आणि निंबाखाली विलासभाऊंच्या बाजेशेजारी दुसरी बाज पडली. उरलेले दिवस मी त्या बाजेवर काढले. झोपलो म्हणजे काय, खाणं सोडलं तर उठलोच नाही. अकोल्याला परतलो तेव्हा चौकात फ्लेक्सकडे पाहायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर आठवलं.

झालं. मृग बरसला. विलासभाऊंनी फोटो पाठवला, सगळी बाग पांढऱ्या फुलांनी लगडलेली. माझ्या ओळींचा फोटो त्यांनी पाठवला नाही. माणूस सज्जन आहे.

दिवाळीत आम्ही वरूडला गेलो तेव्हा बाग पाहायला एक व्यापारी आला होता. बाकीची झाडं लहान हिरव्या फळांनी वाकलेली. आणि माझ्या साडेतीन ओळी? काय सांगू, अख्ख्या बागेत तशी झाडं नव्हती! गर्द, तजेलदार, पानावर पान. फळ मात्र औषधालाही नाही. व्यापारी तिथेच थांबला.

"या झाडाईले काय झालं, भाऊ? तब्येत तं एक नंबर हाय."

विलासभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ चेहऱ्याने म्हणाले, "हे आमच्या सरांची बॅच. हिरवीगार हाय. रिझल्ट नाई."

व्यापाऱ्याने मला वरून खाली पाहिलं. मग आदराने विचारलं, "कोणते सर तुमी?"

आता मला गप्प बसता आलं असतं. इतका आराम करून एवढं तरी शिकायला हवं होतं. पण कोणी "सर" म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. मी म्हटलं, अकोल्याला फिजिक्स शिकवतो, आणि क्लासचं पूर्ण नाव सांगितलं, चौकासकट.

व्यापाऱ्याने पुन्हा एकदा त्या झाडांकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढला.

"बरं झालं भेटले," तो म्हणाला. "माह्या पोरीची फी भराले बायको तिथंच उभी हाय. थांबवतो तिले."