दोघांसाठी अंदमान

पांढुर्ण्यातल्या आमच्या शाळेचे लिपिक प्रत्येक कागद तीनदा तपासतात. आमंत्रण देताना मात्र एकदाही विचार करत नाहीत. लग्नाला पंचवीस वर्षे होणार म्हणून त्यांनी पत्नीसह अंदमानला जायचे ठरवले. "फक्त दोघं," ही वहिनींची एकमेव अट होती. समुद्राकाठच्या रिसॉर्टमधली खोली निवडली गेली आणि चार दिवसांचा तक्ता भिंतीवर लागला.

परंतु अशी बातमी सांगून समोरच्याला 'तुम्हीही चला' न म्हणणे आमच्याकडे असभ्य समजतात. लिपिकांनी ते सर्वांना म्हटले. सौसरचे साडू, बोरगावची आत्या, मोहगावचे व्याही, सर्वांनी तत्काळ होकार दिला.

यादीत तेरावे नाव चढले, त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी चहा ठेवत शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सारे जा बाप्पा. चार दिवस घरात कोनी नसन, माझं तेच फिरणं."

लिपिकांनी यादी पुढे ओढली. आता ते यादी फाडतील, असे मला वाटले. त्यांनी पट्टी ठेवून पत्नीच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि मोठ्या आपुलकीने माझ्याकडे वळले.

"सर, एक जागा खाली होऊन राहिली. तुम्ही चला ना!"